दोन ग्लास पाणी

भाईंदरच्या बसच्या रांगेत शुभदाच्या पुढेच एक सासू-सून उभ्या होत्या. दहावीला सासू बसली होती आणि सून तिला रसायनशास्त्र शिकवत होती.

“आई, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. इकडे ऑक्सिजनचे अणू दोन, तिकडे पाण्यात एकच. कसं जुळवाल?”

“पाण्यातल्या ऑक्सिजनखाली दोन लिहायचे. झालं!”

“मग ते पाणी कुठे राहिलं? हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायचं औषध झालं ते.”

“अगो बाई! नि मी पाहुण्यांना प्यायला दिलं असतं!”

“पाहुणे वाढले तर पाण्यात काही मिसळायचं नाही, ग्लास वाढवायचे. आकडा पुढे लावा.”

“दोन ग्लास पाणी. पण आता हायड्रोजन चार झाले गो... मग इकडे हायड्रोजनच्या पुढे पण दोन! जुळलं?”

“जुळलं!”

“आता तू क्लासची पाटी लाव, मिनल.”

“आधी पास तर व्हा! मला कोण विचारतंय?”

“सांगेन सगळ्यांना, सासूला शिकवलंन हिनं. अजून काय हवं?”

शुभदाला राहवलं नाही. “माझ्या मुलीला पाठवू? कुठे असतो क्लास?”

“अहो, अजून सुरूच नाही...”

“हाटकेशला, आमच्या घरीच,” सासू म्हणाली. “सोमवारपासून.”