दहा सेकंदांची चाचणी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या प्रशिक्षण संस्थेचे संचालक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले चित्रफीत संपादक, ज्यांना आपण सगळे मास्तर म्हणतो, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि चहाचा वास येत असूनही जागा न सोडलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मास्तरांच्या गुणांवर आधीचे चार वक्ते बोलून गेले. माझ्या वाट्याला एक कार्ड उरलं आहे.

सोळा वर्षांपूर्वी कॅसेटवरचं चित्रण संगणकात उतरवून घ्यायला आपल्याला व्हिडिओ एडिटिंग कार्ड हवं होतं. दुकानदाराने दोन कार्डं पारखायला दिली. निवड माझ्याकडे आली, कारण माहितीपत्रकं मी वाचली होती. मास्तर मला एवढंच म्हणाले, "पूर्ण तासाची कॅसेट उतरवून बघा. शेवटाला ओठ आणि आवाज जुळतायत का, तेवढं पाहा."

मी दहा सेकंदांचा तुकडा पाहिला. एका कार्डावर चित्र लख्ख होतं. शिवाय त्या कार्डाच्या खोक्यावर आकडेही जास्त होते. मी तेच निवडलं. "मास्तर, काळ बदललाय," असंही मी म्हणालो. वाक्य माझ्या रोजनिशीत आहे, त्यामुळे नाकारता येत नाही.

पुढे वर्धापनदिनी साहेबांचं पन्नास मिनिटांचं भाषण याच सभागृहात दाखवायचं ठरलं. कार्ड जास्त वेळाच्या चित्रणात मधल्या चौकटी, म्हणजे फ्रेम्स, गाळतंय, हे मास्तरांनी आदल्या दिवशीच सांगितलं आणि दुरुस्तीला एक दिवस मागितला. मी म्हणालो, "कुणाच्या लक्षात येतंय!"

सगळ्यांच्या लक्षात आलं. चित्र पुढे, आवाज मागे. शेवटी पडद्यावर साहेब पाणी पीत होते आणि पाणी पिता पिताच शिस्तीचं महत्त्व सांगत होते.

साहेबांनी विचारलं, "हे कुणाचं काम?"

मास्तर उभे राहिले. "संपादन माझं आहे." यात खोटं काही नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि बसूनच राहिलो.

मास्तरांच्या सेवापुस्तकात शेरा आला: 'कामात निष्काळजीपणा'. त्या वर्षीची बढती गेली. कार्ड महिन्याभरात बदललं, शेरा मात्र राहिला. नंतर मी त्यांना जिन्यात गाठलं. "मास्तर, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्हाला तोंड होतं की," ते म्हणाले आणि वर गेले.

आज हे सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा, की ते उद्यापासून समोर दिसणार नाहीत म्हणून सुचलेलं धैर्य? मला खात्री देता येत नाही. पण मास्तर अजून पाऊण तास सेवेत आहेत. पाच वाजता सेवापुस्तक बंद झालं की शेरा खोडता येत नाही, असं आस्थापनेच्या लिपिकबाईंनी मला दोनदा सांगितलं आहे. कार्डाची निवड माझी आणि घाईही माझी, असा माझ्या सहीचा अर्ज मी आणला आहे. शेरा खोडायला साहेबांची मंजुरीची सही तेवढी हवी.

काय म्हणालात मास्तर? "जाऊ द्या आता"? तुम्ही जाऊ द्याल, हे मला सोळा वर्षं सोयीचं पडलं. वहिनींना विचारा, त्या जाऊ देतायत का.

नाही म्हणतायत.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. इतकी वर्षं न बोलण्याचं काय करायचं, ते मास्तर ठरवतील.

साहेब, सही डावीकडे, खाली. हे पेन घ्या.