बेगिमायचा फोन

हवालदार फोन पाकिटात घालून त्यावर लाखेची मोहोर लावत होते, तेव्हा मी म्हणाले की चोरी झालेली नाही. मोहोर लावून झाली. त्यानंतर माझा जबाब पुन्हा घेण्यात येत आहे.

माझे नाव उल्कान, शार्शेन यांची मुलगी. वय एकसष्ट. काम लोकर दाबून नमदे करणे. राहणार तेरेक-जार, नदीकडची आळी, नारिन प्रांत. कॅप्टन मेदेर यांनी विचारले त्यावरून सांगते.

बेगिमाय माझी मुलगी. ती मार्चमध्ये वारली. कारण दवाखान्याच्या कागदात आहे. ती शिर्दाक शिकवत असे. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदम कापायची आणि एकाची नक्षी दुसऱ्यात बसवून शिवायची, असे ते काम आहे. फोन छताच्या वाशाला बांधून ती खाली बसून कापत असे. व्हिडिओत फक्त हात दिसतात. बोलणे तिला जमत नसे, म्हणून आवाज कात्रीचा आहे. शिकवणीचे पैसे भरणाऱ्यांनाच हे व्हिडिओ बघता येत.

ते सगळे कोणीतरी उतरवून फुकटच्या साइटवर टाकले. तिथून परदेशातल्या एका कंपनीने उचलले आणि आपोआप व्हिडिओ बनवणाऱ्या एआयला शिकायला घातले. हे मला वकील एल्दियार यांनी सांगितले. एआयने बनवलेला एक व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. कोणी बाई नमदा कापत आहे. तिची करंगळी वाकडी आहे. बेगिमायची करंगळी लहानपणी लगामात अडकून वाकडी झाली होती. यंत्राला करंगळी वाकडी करण्याचे काही कारण नाही. तो व्हिडिओ मी पुन्हा लावायला सांगितला. वकिलांनी लावला. मग त्यांनी तो बंद केला.

ज्यांचे व्हिडिओ असे नेले त्या लोकांनी परदेशात खटला भरला आहे. त्यात बेगिमायचे नाव घालता येईल असे वकील म्हणाले. मी आधी या ठाण्यावर आले होते. कॅप्टन मेदेर मला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात. त्यांच्याशी माझे बोलणे झाले ते असे :

"एजे, मेंढी गेली तर माग काढतो. घोडा गेला तर डोंगर पालथा घालतो. हे गेलंय कुठे? नेटवर आहेच की."

"आहे म्हणूनच आलेय."

"माझ्या बायकोनं फुकटात बघून शिर्दाक केलाय. तिलाही धरू?"

"टाके उसवतात का तिचे?"

"उसवतात."

"मग राहू दे तिला."

तक्रार घेतली गेली नाही. कलम सापडत नाही असे सांगण्यात आले.

वकिलांनी मूळ व्हिडिओ मागितले. ते बेगिमायच्या फोनमध्येच आहेत. नक्कल करून देऊ का, असे मी विचारले. ते म्हणाले, "नक्कल तर त्यांच्याकडेही आहे. फोनच लागेल, आणि तो तुमच्या ताब्यातला लागेल. दुसऱ्या बाईकडून आला तर समोरचे म्हणतील, हे हात तिचेच."

फोन दुसऱ्या बाईकडेच होता. मयताला आंघोळ घालणाऱ्या बायकांना मयताचे कपडे आणि वस्तू वाटून देण्याची आमची रीत आहे. कोट एकीला दिला, बूट एकीला दिले. शेजारीण कालिपा हिने बेगिमायचे हात धुतले होते. तिची मुलगी मॉस्कोत कामाला आहे आणि बोलताना तिचे तोंड दिसेल असा फोन कालिपाकडे नव्हता. म्हणून तिला फोन दिला. मीच दिला. त्या दिवशी कोणी घर मागितले असते तर घरही दिले असते.

दिलेली वस्तू परत मागत नाहीत, कोणी आपणहून दिली तरी घेत नाहीत. मागितली किंवा घेतली तर घातलेली आंघोळ परत केली असे होते. मयत न धुतलेले राहते. कॅप्टन म्हणतात हे जबाबात लागत नाही. लागते.

मी कणकेचे बोरसोक तळून कालिपाकडे गेले. तिने चहा ओतला.

"उल्कान, एवढे बोरसोक घेऊन कोणी नुसतं चहाला येत नाही."

"फोन चालतो ना नीट?"

"चालतो. पोरगी म्हणते, आई, कानाला लावू नकोस, मला तुझा कानच दिसतो. बेगिमायचं सगळं आहे तसं आहे बघ त्यात. मी हात लावला नाही."

मी चहा प्यायले. वकिलांचे म्हणणे तिला सांगितले. तिने विचारले, "मागायला आलीस?"

"नाही."

"मागू नकोस. तू मागितलास तर मला द्यावा लागेल. आणि मी आपणहून दिला तरी तुला घेता येणार नाही."

"उसना?"

"कोर्टात गेलेला उसना? माझ्या मयताला येईल तो परत."

आणखी एकदा चहा झाला. मग ती म्हणाली की पोलिसांनी नेला तर ते मागणे होत नाही. "माझ्या बापाचा घोडा सरकारच्या सामुदायिक शेतीनं, कोलखोजनं, नेला. त्याला कोणी मागितला म्हणत नाही. तू मला चोर म्हण. ते नेतील आणि तुला देतील."

"तुला चोर म्हणू?"

"का, एवढी नाजूक जीभ कधी झाली तुझी? माझ्या लग्नातल्या शिर्दाकाला घोड्यावरचं फडकं म्हणाली होतीस."

म्हणून मी काल फोन चोरीस गेल्याची तक्रार दिली. आज हवालदार तिच्या घरी गेले. तिने फोन पुसून त्यांच्या हातात दिला आणि मी चोरला असे सांगितले. त्यांनी विचारले, कशासाठी. तेवढे आम्ही ठरवले नव्हते.

ठाण्यात तिच्या दहाही बोटांना शाई लावली आणि ठसे घेतले. पुसायला फडके नव्हते. ती हात गुडघ्यांवर उलटे ठेवून बसली, झगा खराब होऊ नये म्हणून. तेव्हा मी म्हणाले की चोरी झालेली नाही.

कॅप्टन यांनी मला समजावून सांगितले की तक्रार राहिली तर फोन निकाल लागेपर्यंत मोहोरबंद राहील. तक्रार मागे घेतली तर तो जिच्याकडून घेतला तिला परत जाईल. तिसरे काही आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, "एजे, तिसरं असतं तर मीच तुम्हाला आधी सांगितलं नसतं का?"

वकिलांचा माणूस उद्या सकाळी राजधानीला निघतो. फोन त्याच्याबरोबर गेला नाही तर नाव घालण्याची मुदत संपते.

मी तक्रार मागे घेते. कालिपा हिने काही चोरलेले नाही. कालच्या कागदावरचा चोर हा शब्द खोडावा असे मी सांगितले. लिहिलेले खोडता येत नाही, असे कळले. हा कागद मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच यात आहे. खाली सही माझी आहे.

उल्कान

नोंद : दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोर फोडून फोन कालिपा यांना सही घेऊन परत दिला. उल्कान बाकावर बसून होत्या. वकिलांच्या माणसाची गाडी फाटकात उभी होती. कालिपा यांनी फोन दोन्ही हातांत धरून उल्कान यांच्यापुढे केला. उल्कान यांनी हात पुढे केला नाही. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला व तो निघून गेला. ठाणे झाडायचे असल्याने दोघींना बाहेर जाण्यास सांगितले.

कॅप्टन मेदेर