सोमवारचा भोंगा

हॅलो? … हां ताई, बोल. नाही, तू नको बोलू, मीच बोलते. कधीची फोन लावतेय, उचलत का नव्हतीस? … अंघोळीला? बरं. आता नीट ऐक. … अगं ऐक ना!

भोंगा? हो, वाजतोय. मला काय सांगतेस, इथूनच वाजवलाय आम्ही. मी धरणावरच आहे, ऑफिसात.

नाही. … नाही गं, चाचणी नाही ही. … सोमवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, सगळं कबूल. पण आज चाचणी नाही, खरा वाजतोय. … अगं पावसाने नेमकी तीच वेळ गाठली, त्याला मी काय करू? तो काय आमचं वेळापत्रक बघून पडतो?

चाचणीचा कसा असतो? एकदा वाजतो आणि गप्प होतो. हा गप्प झालाय का? … मग? … बिघडलेला नाही. ताई, भोंगा बिघडलेला नाही, धरण भरलंय.

काठोकाठ. रात्री वर डोंगरात धो धो पडला. … तुमच्याकडे ऊन असेल, माहितीये मला. पाऊस वर पडलाय, पाणी खाली येणार, तुमच्या उन्हाला विचारून येणार नाही. … दोन दरवाजे उघडलेत, बाकीचे उघडायचेत. ते उघडले की दुपारच्या आत तुमची गल्ली पाण्यात. … ओटे नाही गं, पायऱ्या नाही, अख्खी गल्ली.

तर आता मी सांगते तेवढंच करायचं. गॅस बंद कर. मेन स्विच पाड. भाऊजींची औषधं घे, पाण्याची बाटली घे, घराची कागदपत्रं घे आणि टेकडीवरच्या शाळेत जा. … दूध तापत ठेवलंय? मग आधी ते उतरव आणि गॅस बंद कर! … नाही, पिऊन नाही, लगेच!

भाऊजी कुठेत? … ओट्यावर. काय करतायत? … पेपर वाचतायत. वा. … आणि गल्ली? … एकही घर निघालं नाही? अगं पण भोंगा झाला की दारोदार जाऊन सांगायचं काम भाऊजींकडे आहे ना? आम्हीच दिलंय ते, शिट्टी दिलीय, पिवळं जॅकेट दिलंय…

काय सांगितलं त्यांनी? … 'चाचणी आहे, बसा निवांत'? … असं ओट्यावरून ओरडून? … अरे देवा.

आणि मग सगळ्यांनी घड्याळं लावून घेतली असतील. … घेतली ना? शेजारच्या शिंप्यानेसुद्धा? मला वाटलंच. दर सोमवारी आम्ही भोंगा वाजवायचा आणि तुम्ही त्यावर घड्याळं लावायची, चहाला आधण ठेवायचं. तुम्हाला सवय व्हावी म्हणून चाचणी सुरू केली, ती ही अशी भलतीच सवय झाली!

फोन दे त्यांना. … नको म्हणतात? … मग त्यांच्या कानाला लाव. लाव गं, रागावले तर माझ्यावर रागावतील.

भाऊजी, मी बोलतेय. … हो. … हो, आलं लक्षात. गेल्या वर्षी भोंगा वाजला, तुम्ही सगळ्यांना घराबाहेर काढलंत, दोन दिवस शाळेच्या फरशीवर झोपवलंत आणि पाणी पायरीलाही शिवलं नाही. … शिंप्याचं मशीन वर नेताना जिन्यावरून पडलं, तेही माहितीये. … आणि तेव्हापासून तुम्हाला 'भोंगे' म्हणतात. … पोरंटोरं पण? … नाही हो, हसत नाहीये मी. खरंच नाही. वाईट वाटलं मला तेव्हाही.

पण पाणी का आलं नाही, हे विचारलंत कधी कुणाला? … नशीब कसलं! हवामानवाल्यांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, तेव्हापासून आम्ही थोडं थोडं पाणी सोडून धरणात जागा करत होतो. आलेला पाऊस त्या जागेत मावला. तुमचे पाय कोरडे राहिले ते त्यामुळे. काम नीट झालं की डोळ्यांना काहीच दिसत नाही, मग लोक म्हणतात उगाच घाबरवलं. तुम्हाला भोंगे म्हणाले, आम्हाला काय काय म्हणाले ते ताईसमोर सांगण्यासारखं नाही.

या वेळी? केली होती ना जागा. पुरली नाही. पूर्वी महिनाभरात पडायचा तेवढा एका रात्रीत पडला. आमचे सगळे तक्ते जुन्या पावसावर बेतलेले, त्यात हा बसतच नाही कुठे. … हो, मान्य. तुमचा जन्म नदीकाठी गेला, नदी तुमच्या ओळखीची आहे. नदी तीच आहे हो भाऊजी. पाऊस तो राहिलेला नाही.

आता काय सांगू तुम्हाला फोनवर! हवा तापली की जास्त वाफ धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणून महिना महिना थेंब नाही, आणि मग हे असं. … का तापली? तुमच्या पंपावरून आयुष्यभर जे पेट्रोल-डिझेल गेलं, त्याचा धूर कुठेतरी गेलाच ना? … अहो तुम्हाला एकट्याला नाही म्हणत! मी तरी काय चालत येते का धरणावर? तुमच्याच पंपावर टाकी भरून घ्यायचे, तीही उधारीवर. … सगळ्यांनी मिळून केलंय. पण त्याचा न्यायनिवाडा संध्याकाळी शाळेत बसून करू. आत्ता उठा.

कोण उघडणार म्हणजे? मी. … अहो मीच. आज पाळी माझी आहे. साहेब आदेश देतील आणि बटण मी दाबणार. … हो. तुमच्या घरावर. … नाही उघडले तर बांधावरून पाणी जाईल. बांध फुटला तर तुमची एक गल्ली नाही, खाली सगळं शहर आहे, दवाखाना आहे. … थांबवतेय ना, जेवढं थांबवता येतं तेवढं थांबवतेय. पण पाण्याला काय कळतंय, माझ्या बहिणीचं घर की आणखी कुणाचं?

आणि नाही आलं पाणी, तर हसतील. हसू देत. मी येईन गल्लीच्या तोंडाशी, म्हणेन, यांना नाही, मला हसा. पण आलं आणि कुणी हललेलं नसलं, तर भाऊजी, हसायला राहणार कोण?

… भाऊजी? … हॅलो? … ऐकताय ना?

कोण, ताई? … फोन तुझ्या हातात दिला? आणि? … उठले? … जॅकेट घातलं? आणि शिट्टी? … नसू दे सापडत. कुठे गेले? … शिंप्याच्या दारात? सांगत राहा मला, थांबू नकोस. शिंपी काय म्हणतोय? … 'आले भोंगे.' म्हणू दे त्याला. भाऊजी काय करतायत?

सरळ आत शिरले? … काय उचलून आणलं? … शिंप्याच्या आईला? खुर्चीसकट? … एकट्याने! अगं त्यांची पाठ… … बरं झालं, शिंप्याने दुसरी बाजू धरली ते. … ओरडतोय? ओरडू दे, खुर्ची धरलीय ना? झालं तर मग. म्हातारी घराबाहेर निघाली म्हणजे आता गल्ली निघणार. ती कधी उंबरा ओलांडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

निघालीत? सगळी? … तूही नीघ. कुलूप नको लावत बसू, कुलपाचं काय करणार आहे पाणी? नीघ. फोन चालू ठेव.

एक मिनिट हं… हो साहेब. गल्ली निघालीय, टेकडी चढतायत. … माझी बहीण आहे फोनवर. … नाही, अजून सगळे नाही पोचले. … पातळी बघतेय मी साहेब, डोळ्यासमोरच आहे माझ्या. … कळतंय मला. अगदीच वरच्या खुणेला टेकली की उघडते, तोवर द्या थोडा वेळ. … हो, माझ्या जबाबदारीवर.

ताई? कुठे पोचलीस? … धापा टाकू नकोस, हळू चढ. … नाही, हळू पण नको. चढ.

पोचलात? … सगळे आहेत का बघ. वरवर नको बघू, घरं आठव आणि माणसं बघ. … शिंपी? आई? … कोपऱ्यावरचे? बाळंतीण? … भाऊजी? … नाहीत म्हणजे? … मागे कशाला राहिले? … प्रत्येक दार ढकलून बघतायत? … अगं हाक मार त्यांना! सगळ्यांनी मिळून मारा.

धरलाय मी फोन. … हो, आहे. … साहेब, एक माणूस आहे अजून खाली. एकच. … कळतंय हो मला! … ताई, दिसले का? … नाही? … ताई, बोल ना काहीतरी. … … दिसले? चढतायत? नक्की तेच? … पिवळं जॅकेट. हां. … पळायला सांग. … पोचले? हात लाव त्यांना. हात लावून सांग मला. … बरं. … बरं. … थांब, मला जरा पाणी पिऊ दे.

घर? … खोटं नाही बोलणार ताई. छपरापर्यंत नाही, पण खिडक्यांच्या वर नक्की. … माळ्यावर जे आहे ते राहील कदाचित. खालचं काही नाही राहणार. … नको रडू. … मलाही येतंय गं. तुझ्या त्या मागच्या खोलीत राहून शिकले मी, तू रोज डबा द्यायचीस म्हणून इथे बसलेय या खुर्चीवर. मला काय आनंद होतोय का? पण आत्ता मला आकडे वाचायचेत, डोळे भरून आले तर कसे वाचू?

ठेवू? … हो. दरवाज्यांसाठीच ठेवतेय.

काय म्हणालीस? … वारा आहे तिकडे, ऐकू नाही आलं. परत बोल. … 'उघड'?

मला तुझी परवानगी लागत नाही ताई. नियमात कुठे तसं लिहिलेलं नाही. … पण बरं झालं तू म्हणालीस.

आता तोंड फिरव तिकडून. बघू नकोस. … बघणारच आहेस? … बरं. बघ मग.

ठेवते. … साहेब, वर आलीत सगळी. उघडतेय.