हवापालट, मुक्काम फुलचूर

लोक हवापालटाला पचमढीला जातात. आम्ही नवराबायको गेलो घरामागच्या तलावाच्या पाळीवर. तिथल्या डाकबंगल्यात यायच्या गोऱ्या साहेबाचा दौरा रद्द झाला होता आणि खानसामा होता आमच्या यांच्या ओळखीचा. तो म्हणाला, "आज का दिन आप ही साहब."

व्हरांड्यात आरामखुर्च्या, कपबशीत चहा, समोर पाण्यात कमळं. आमचं गाव या बाजूनं मी कधी पाहिलंच नव्हतं. हजार कोस दूर आल्यासारखं वाटत होतं. हे तर खुर्चीच्या लांब हातांवर पाय टाकून अर्धे झोपेत.

तेवढ्यात तलावाखालच्या धानाच्या एका बांधीत दोन म्हशी शिरल्या.

"अहो, म्हशी कोणाचं तरी धान खाऊन राहिल्या."

"खाऊ दे. कसं छान दिसून राहिलं."

खरंच छान दिसत होतं. हिरव्यागार धानात काळ्या म्हशी, एकीच्या पाठीवर बगळा.

जरा वेळानं हेच हळहळले, "मालक बिचारा कुठं झोपून राहिला असंल?"

खानसाम्यानं किटली खाली ठेवली. "साहब, खेत तो आपका है."

आता हे धावतील म्हणून मी पदर खोचला.

यांनी डोळे मिटले. "उद्या गावाले परत गेलो का मंग पाहू."