चुन्याचे ठिपके

आता हे पण मलाच सांगावं लागणार? विहारातल्या अर्ध्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय, उरलेल्यांनी तिखटमीठ लावून ऐकलंय, तरी आमच्या हिला, गयाबाईला, चैन नाही — अहो, हा इंद्रजित आलाय, एअरफोर्सवाला, लखनौच्या त्या टोकाहून, सरोजिनी नगरहून, एवढ्या लांब आलाय, पोरीला कॉम्प्युटर घ्यायचाय म्हणतो, सांगा ना त्याला! सांगा काय सांगा? मी काय मास्तर आहे? चौथीत शाळा सुटली माझी, अकोल्याला, तीही पूर्ण नाही. बस. जयभीम, जयभीम, बस तिथं. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. त्या वेताच्या मोढ्यावर बस. यादी आणलीस? दुकानदारानं दिली? मला नको देऊ हातात, तूच वाच — चष्मा आत राहिलाय माझा. हाव, वाच.

थांब. थांब, थांब. प्रोसेसर दोनशेचा अन् मेमरी सोळाची? कोणी लिहून दिलं हे? त्याला म्हणावं, इंजिन मोठं जोडायचं अन् कोळसा घमेल्यानं द्यायचा, गाडी चालणार कशी? अरे, मी बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, इंजिनाच्या पोटात शिरून काम केलंय, मला शिकवतो काय तो? प्रोसेसर खालचा घे — एकशे सहासष्टचा पुरतो पोरीला — अन् जो पैसा वाचेल तो मेमरीत टाक, बत्तीस घे. हसू नको. मिश्राजीला विचार नाझा मार्केटात, दुसऱ्या मजल्यावर जिन्याशी त्याचं दुकान आहे. तो पण हसला होता पहिल्यांदा. म्हणाला, बाऊजी, आप किसके लिए पूछ रहे हैं? मी म्हटलं, अपने लिए. कशाला सांगू नातीसाठी म्हणून? काहून, म्हाताऱ्याला घेता येत नाही का कॉम्प्युटर?

पुढं वाच. कॅबिनेट. कॅबिनेट हातात उचलून बघायचं. सगळ्यात आधी तेच. आत तो जो पत्र्याचा डबा असतो वीज देणारा, तो हलका लागला तर तिथंच ठेवून द्यायचा, मग दुकानदार काही का सांगेना. वजन खोटं बोलत नाही. तांबं आत असलं तर जड लागणारच. मिश्राजीनं मला तीन दाखवले, मी तिसरा घेतला, वरच्या फळीवरचा, धूळ बसलेला. तो म्हणाला, बाऊजी, ये तो पुराना स्टॉक है. मी म्हटलं, मैं भी पुराना स्टॉक हूँ, निकालो. अन् हार्ड डिस्क — हे मात्र ऐक नीट, हे तुला कोणी सांगणार नाही — दुकानात चालू करायला लावायची, स्क्रू पिळायच्या पेचकसाचं टोक तिच्या पाठीवर हलकं टेकवायचं अन् दांडा कानाला लावायचा. तसंच. कारखान्यात बेअरिंग ऐकतात तसं. चांगली असली तर एकसारखी गुणगुणते, खराब असली तर आत कोणी वाळू चाळतंय असं ऐकू येतं. मी दोन परत केल्या. सगळे दुकानातले येऊन बघायला लागले, काय करतोय हा म्हातारा. मिश्राजीनं स्वतः कान लावला मग. आता तो गिऱ्हाइकांना करून दाखवतो म्हणे. माझं नाव सांगत नसणार, नको सांगू दे.

यादी? माझी यादी अशी नव्हती. माझी वही होती. रेल्वेच्या जुन्या कॅलेंडरची पानं कापून शिवली होती, पाठ कोरी असते ना. एकेक वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ ओढायची, भोकं कुठं, खाचा कुठं, सगळं. नाव नेत्रा लिहायची खाली — नेत्रा म्हणजे माझी नात, राजेशची मुलगी, तेव्हा अकरावीत होती. शाळेत कॉम्प्युटर विषय घेतलेला अन् शाळेत एका मशीनीवर चार पोरी, आठवड्यात अर्धा तास. ही एकटी मराठी, सगळ्यात मागं उभी राहायची. मी विचारलं, बटणं कधी दाबतेस? तर म्हणाली, आजोबा, मैं तो बस देखती हूँ. मराठी कळतं तिला सगळं, बोलते हिंदीच. तर मी म्हटलं, ठीक आहे. बघायचं नाही. दाबायचं. घरी आणतो.

तर घरात काय महाभारत! राजेश — माझा मुलगा, कचेरीत बाबू आहे, तीन महिन्यांचा कोर्स केलाय कॉम्प्युटरचा, सर्टिफिकेट बघ भिंतीवर, काच लावून टांगलंय — तो म्हणाला, बाबा, कंपनीचा घेऊ, जोडलेला, हप्त्यांवर. हे जोडतोड तुमचं काम नाही. म्हटलं, कंपनीवाला काय आकाशातून आणतो? तो पण जोडतोच ना कुठंतरी? चार शनिवार मी नाझाला गेलो. इथून, विकास नगरहून, सवाऱ्या कोंबलेल्या टेम्पोनं, धुरात, गुडघे छातीला लावून. पाचव्या शनिवारी मिश्राजीच्या टेबलावर सगळी मशीन उभी केली आम्ही, चालवली, अर्धा तास. मॉनिटरवर पांढरं करून चारी कोपरे बघितले. एकेक बटण दाबलं. फर्स्ट क्लास. मग मीच म्हटलं, आता खोलून द्या, सुटं करून नेतो — रस्ते माहीत आहेत ना आपले, इथपर्यंत येईस्तोवर दात हलतात माणसाचे, तर त्या नाजूक वस्तूंचं काय.

अन् खोलायच्या आधी काय करायचं? सांग. एअरफोर्समध्ये काय करता तुम्ही, मशीन उघडता तेव्हा? हां! खूण. बरोबर. जोडीला जोडीची खूण केल्याशिवाय फिटर पाना लावत नाही. आमचा मिस्त्री हातावर मारायचा पान्यानं. आता तिथं दुकानात कुठली पंच अन् हातोडी? माझ्याकडं चुन्याची डबी होती, तंबाखूची. त्या पॉवरच्या डब्यातून दोन प्लग येतात, अगदी सारखे, जुळी भावंडं, अन् मदरबोर्डावर शेजारीशेजारी बसतात. उलटे बसवले तरी बसतात, हीच तर हरामखोरी आहे. काळ्या वायरी दोन्हीकडच्या मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. काळीला काळी. नाही आल्या तर बोर्ड गेला, समजलास? गेलाच. तर मी काडीनं चुना घेतला, एका प्लगावर एक ठिपका, बोर्डाच्या त्या खाचेच्या प्लास्टिकवर एक ठिपका. दुसऱ्यावर दोन, तिथं दोन. आंधळ्यानं चाचपून लावावं. मिश्राजी म्हणाला, वाह बाऊजी.

घरी रविवारी जोडायचं ठरलं. राजेशनं विहारातले लोक बोलावले — बोलावलेच त्यानं, मी नाही — शरदराव आले, बाया आल्या, गयाबाईनं शिरा केला. राजेश खाली सतरंजीवर बसला, शर्टाच्या बाह्या वर. मी बोर्ड हातात घ्यायला गेलो तर — ऐक हं, सगळ्यांसमोर — बाबा, आप हाथ मत लगाइए. हिंदीत. रागावला, लाजला की बापाशी हिंदी बोलतो तो. बाबा, ये आपका इंजन नहीं है. कोणीतरी हसलं. शरदराव हसले. मग त्याला ते ठिपके दिसले. अन् खिशातून रुमाल काढला, थुंकी लावली, अन् पुसले. पुसले! ये क्या गंदगी है, तंबाकू-चूना सब जगह लगा के रखते हैं. नेत्रा म्हणाली, पापा, वो आजोबा ने — तर तिला पण गप्प केलं. चारही जागा पुसल्या, चकाचक, अन् लोकांकडं बघून हसला. अरे, बत्तीस वर्षांचा हात होता त्या ठिपक्यांत! तंबाखूची घाण म्हणतो! त्याच तंबाखूवाल्या हाताच्या पगारावर तू कॉलेज शिकलास.

मग मी उठलो. बाहेर गेलो. मी नव्हतोच खोलीत, मला काय माहीत आत काय केलं त्यानं. आवाज आला, फट्, वास आला जळका, बाया ओरडल्या. धूर. अन् राजेशचं पहिलं वाक्य काय? चूक माझी झाली, असं म्हणाला? नाही. म्हणाला, बाबा कबाड उठा लाए. भंगार आणलं म्हणाला. शरदरावांना म्हणाला, क्या करें, मानते ही नहीं, पढ़े-लिखे तो हैं नहीं. शिरा तसाच राहिला ताटल्यांत. मी त्याच वेळी सांगितलं असतं, की अरे गाढवा, काळ्या वायरी बाहेरच्या बाजूला लावल्यास तू, दोन्ही टोकांना, हा इकडं अन् हा तिकडं, इथून स्पष्ट दिसत होतं, दारातल्या खुर्चीवरून —

काय? काय बघतोस असा?

हाव. बाहेर म्हणजे दारात. दारात खुर्ची होती, तीच ही, पाय हलणारी. बाहेरच झालं ना ते? बरं, दिसलं मला. दिसलं. त्यानं प्लग बसवले अन् बटणाकडं हात नेला, त्यात इतका वेळ होता की मी सावकाश एक बिडी पेटवली असती. मला बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता — रुक. पण मला सांगितलं होतं ना, हात लावू नका? तुमचं इंजिन नाही? मग नाही लावला. माझं इंजिन नव्हतं, नाही बोललो. बत्तीस वर्षांत एकदाही मी चुकीचं जोडलेलं मशीन डोळ्यासमोर चालू होऊ दिलं नाही, साहेबाचा हात धरलाय मी, साहेबाचा! अन् त्या दिवशी घडी घालून बसलो हाताची. बसलो! काय म्हणणं आहे तुझं? तू असतास तर बोलला असतास? सगळ्यांसमोर तुझ्या हाताची खूण थुंकी लावून पुसली असती तर?

नेत्रा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. लोक गेल्यावर माझ्यापाशी आली अन् हळू आवाजात विचारलं, आजोबा, आपको दिख रहा था ना? मी म्हटलं, चष्मा नव्हता गं. तर ती बघत राहिली माझ्या तोंडाकडं. चष्मा नाकावरच होता. वही उचलून घेऊन गेली आत.

दुसऱ्या दिवशी तो जळका बोर्ड घेऊन गेलो मिश्राजीकडं. त्यानं नाकाजवळ धरला, ठिपक्यांची जागा बघितली, म्हणाला, बाऊजी, निशान किसने मिटाए? अन् प्लग लगाया किसने? मी म्हटलं, मैंने. काय सांगणार होतो? माझा पोरगा, सर्टिफिकेटवाला, बाजारात हसं करून घेऊ त्याचं? घरात करीन, बाजारात नाही. मैंने ही लगाया, उम्र हो गई. मिश्राजीला पटलं नाही, ते दिसत होतं. त्यानं एक वापरलेला बोर्ड दिला, मीच बसवला घरी, राजेश कचेरीत असताना, नेत्रा समोर बसलेली. नवे ठिपके लावले. दुप्पट मोठे. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग पुरलं — ते तू पण कर, लखनौच्या विजेचा भरवसा नाही, संध्याकाळी बल्ब टमाट्यासारखा लाल होतो. बटण मी नाही दाबलं. तिला म्हटलं, तू दाब. तिनं दाबलं. दोन वर्षं झाली, एक दिवस बंद नाही. तिकडं आतल्या खोलीत आहे, कापड झाकलंय. आता बीएस्सी करते ती, कॉलेजात तिच्या मैत्रिणी तिला विचारतात मशीन बिघडली की.

राजेश? राजेश वापरतो की. चिठ्ठ्या छापतो कचेरीच्या. त्याच खुर्चीत बसतो, त्याच मशीनीवर, अन् माझ्याशी बोलतो नेत्राच्या तोंडून. आजोबांना विचार, दवा घेतली का. मी म्हणतो, बापाला सांग, घेतली. दोन वर्षं. गयाबाई म्हणते, लहान पोरं बरी तुमच्यापेक्षा, एकानं तरी तोंड उघडा. मी काहून उघडू? तेव्हा बंद ठेवायला सांगितलं होतं ना? त्यानं यावं. त्यानं चार जागा पुसल्या, चारच शब्द बोलायचे आहेत त्याला. मी काय फार मागतोय? नेत्राचं वेगळं आहे. नेत्राशी माझा हिशोब वेगळा आहे, तो मी बघीन, तुला काय करायचंय त्याचं.

तर तुझ्या यादीत दुरुस्त्या कर. मेमरी बत्तीस. डबा जड. पेचकस घरून ने, दुकानातल्याचं टोक बोथट असतं. अन् पोरीला ने सोबत. तिचा हात लावून घे प्रत्येक वस्तूला, तिलाच खुणा करू दे. अन् जोडशील त्या दिवशी घरात कोणी म्हाताऱ्यानं, बाईनं, कोणीही म्हटलं थांब — तर थांब. बटणावरून हात काढ. कबूल?

हं. ऐकलंस? स्कूटर. तोच. फाटकाचा आवाज त्याचाच. बघ, आता सरळ आत जाईल, इकडं बघणार पण नाही. उठ आता, चारबागचा टेम्पो कोपऱ्यावर मिळेल, तिथून पुढं बदल. काय? हळू बोलू? काहून हळू बोलू? माझं घर आहे, माझी खुर्ची आहे. ऐकू दे त्याला, ऐकू दे गल्लीला. विहारात कोणी विचारलं ना तुला, या श्रीपतरावांची माफी मागायची कोणाची राहिली आहे, तर चुकीचं नाव सांगू नको, पूर्ण सांग, सर्टिफिकेटवर आहे तसं. राजेश. राजेश श्रीपत तायडे.