कोल्ह्याचा शेवटचा चेंडू

नाही हो, तुम्हाला सापडलेल्या त्या जुन्या कार्टूनमध्ये, पडद्यावर माझं नाव कुठून असणार? आम्ही शाईवाल्या पोरी. चित्रं काढायचे ते दोघे भाऊ, आम्ही ती काचेसारख्या पारदर्शक तावांवर गिरवायचो, मागून रंग भरायचो. सात मिनिटांचं कार्टून, कोल्हा आणि अस्वल, दोघांची बेसबॉलची खुन्नस. कोल्हा एमिलचा - चेंडू फेकणारा. अस्वल त्याच्या धाकट्या भावाचं, अँटनचं - बॅट घेऊन उभं. आणि घरी तरी काय वेगळं? एक ब्रुकलिनच्या संघाचा, एक त्यांच्या हाडवैरी जायंट्सचा, जेवताना एकमेकांवर पाव फेकायचे. पण जीव केवढा एकमेकांवर!

शेवट कुणाचा, यावर अडलं. दोघांनी आपापला काढला. अँटनचा साधा - अस्वल चेंडू कुंपणापार टोलवतं, कोल्हा मैदानात एकटा उरतो. एमिलचा… अस्वलाचा फटका हुकतो, गरगर फिरून ते जमिनीत रुततं, स्क्रूसारखं. मग जिंकलेला कोल्हाच त्याला हात देऊन उपसतो, त्याची धूळ झटकतो.

स्टुडिओच्या मालकांनी चित्रांचे दोन्ही गठ्ठे माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "ल्युडमिला, तू सांग. कोणता?"

हो, मलाच विचारलं. आणि मी - म्हणजे आमचं लग्न ठरलं होतं हो, एमिलचं नि माझं. त्याच रविवारी आईला भेटायला यायचा होता. आईनं सकाळपासून बदक भाजलेलं, आणि हा कुठे? मॅचला! सोमवारी माझं डोकं तापलेलंच. मी म्हटलं, "अस्वलाचा." झालं. एवढंच.

एमिलला वाटलं, अँटननं मागच्या दारानं जाऊन मालकांचे कान भरले. मला विचारलंन, "ल्युडा, तुला काही ठाऊक आहे?" मी म्हटलं, "छे." उद्या सांगू, म्हटलं. राग निवला की सांगू. तर तो शुक्रवारी नौदलात नाव घालून मोकळा, युद्ध चालू होतं तेव्हा. स्टेशनवर अँटन हात पुढे करून उभा होता हो, गाडी हलेपर्यंत. एमिलनं खिशातून हात काढला नाही. मी बघत होते. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोलले. त्याचं जहाज बुडालं नोव्हेंबरात, त्याच्यासकट.

अँटनशी लग्न केलं मी. एकेचाळीस वर्षं. "दादा माझ्यावर का रुसून गेला गं?" - दर नोव्हेंबरला. मी सूप वाढायची. गेला तोही, मार्चमध्ये. त्यालाही नाही सांगितलं, आणि तुम्हाला कशाला सांगत बसले कोण जाणे…

काय? दोन्हींतला चांगला कोणता होता?

एमिलचा. तेव्हाही ठाऊक होतं मला.

उठा आता. जा. लोकांना दाखवा, हसवा. मला नका बोलावू.