सुनंदाताईंचा फळा

मला डॅशबोर्डचं कौतुक सांगूच नका! कोन गावातल्या गोदामात मी अठरा आलेखांचा डॅशबोर्ड बनवून भल्यामोठ्या टीव्हीवर लावला होता. खाली सुपरवायझर सुनंदाताईंचा खडूचा फळा. ड्रायव्हर असो की हमाल, सगळे बघायचे फळा.

शेठ म्हणाले, "कोणी बघत नसेल तर सोमवारी टीव्ही घरी नेतो. मॅच तरी बघेन."

मी तणतणत ताईंकडे गेलो. "माझ्या डॅशबोर्डात काय कमी आहे?"

"कमी न्हाय, जास्त हाय. कुठली गाडी कुठल्या दारावर कवापासून उभी हाय, ते सांग. मागच्या महिन्याची सरासरी बघून गाडी खाली व्हते का?"

झोंबलं. पण मीही हट्टाला पेटलो. तीन दिवस फळ्याशेजारी स्टूल टाकून बसलो आणि कोण काय विचारतं ते लिहून घेतलं. मग अठराच्या अठरा आलेख उडवले. टीव्हीवर फक्त गाडी, दार आणि किती वेळ उभी. तासाच्या वर गेली की ओळ लाल.

सोमवारी शेठ टीव्ही न्यायला आले, तर फळा स्वच्छ पुसलेला. त्यावर ताईंच्या अक्षरात एकच ओळ: 'मला विचारू नका, वर टीव्ही बघा.'